युरोपातील क्षेपणास्त्रांचा प्रश्न : अमेरिका आणि पश्चिम युरोप यांच्यातील एका कसोटीची पार्श्वभूमी

पश्चिम जर्मनीचे चॅन्सेलर हेल्मुट श्मिट यांनी २८ ऑक्टोबर १९७७ रोजी लंडनमध्ये एक व्याख्यान दिले. अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यातील, अण्वस्त्रांवर मर्यादा घालण्याच्या ‘सॉल्ट’ वाटाघाटींमुळे दोन महासत्तांच्या आंतरखंडीय अण्वस्त्रांमध्ये समतोल येत असेल, तर युरोपातील इतर शस्त्रास्त्रांमधला असमतोल अधिकच धोक्याचा ठरतो, असे त्यांचे म्हणणे होते. हे बोलण्यामागे ठोस कारण होते. सोव्हिएत संघाने त्याच सुमारास ‘एसएस-२०’ ही नवी क्षेपणास्त्रे तैनात करण्यास सुरुवात केली होती. प्रत्येकी तीन अण्वस्त्रे वाहणाऱ्या, फिरत्या वाहनांवरून डागता येणाऱ्या आणि सुमारे ५,००० किलोमीटर पल्ल्याच्या या क्षेपणास्त्रांच्या टप्प्यात पश्चिम जर्मनीची राजधानी बॉन, पॅरिस आणि लंडन येत होते. अमेरिकेची मुख्य भूमी मात्र येत नव्हती. युरोपवर असा हल्ला झाला, तर स्वतःची शहरे पणाला लावून अमेरिका उत्तर देईल का, ही शंका युरोपीय राज्यकर्त्यांच्या मनात आधीपासूनच होती. एसएस-२० मुळे ती पुन्हा वर आली.

अशा शंका बोलून दाखवण्यासाठी नाटो या अमेरिका आणि पश्चिम युरोपीय देशांच्या लष्करी युतीमध्ये काही व्यवस्था तोवर उभी राहिली होती, आणि तीही एका मोठ्या फुटीनंतर. १९५६ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स यांनी अमेरिकेला अंधारात ठेवून इजिप्तमधील सुएझ कालव्यावर चाल केली, अमेरिकेने आर्थिक दबाव आणून ब्रिटनला माघार घ्यायला लावली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कॅनडाचे लेस्टर पिअरसन, इटलीचे गाएतानो मार्तिनो आणि नॉर्वेचे हाल्वार लांगे या तीन परराष्ट्रमंत्र्यांच्या समितीने, निर्णय घेऊन मग कळवण्याऐवजी निर्णयाआधी मित्रराष्ट्रांशी विचारविनिमय व्हावा, असा आग्रह धरला. पुढे अण्वस्त्र नियोजन गट स्थापन झाला. नाटोच्या १९६७ च्या हार्मेल अहवालाने तर संरक्षणसिद्धता आणि तणाव निवळवण्याचे प्रयत्न ही दोन्ही कामे युतीचीच असल्याचे ठरवले. १९७९ च्या दुहेरी निर्णयाचा साचा या अहवालातच होता, असे म्हणता येते.

तरीही १९७८ मध्ये विश्वासाला तडा गेला. स्फोटापेक्षा किरणोत्सर्गाने माणसे मारणाऱ्या न्यूट्रॉन बॉम्बच्या तैनातीला पाठिंबा देण्यासाठी श्मिट यांनी आपल्याच पक्षातील विरोध अंगावर घेतला होता आणि अशा वेळी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी त्या बॉम्बचे उत्पादन लांबणीवर टाकले. यातून सावरण्यासाठी जानेवारी १९७९ मध्ये ग्वादलूप बेटावर कार्टर, श्मिट, ब्रिटनचे जेम्स कॅलाहन आणि फ्रान्सचे जिस्कार देस्तँ यांची भेट झाली. अखेर १२ डिसेंबर १९७९ रोजी ब्रुसेल्स येथे परराष्ट्र आणि संरक्षण मंत्र्यांच्या बैठकीत दुहेरी निर्णय झाला. १०८ पर्शिंग-२ आणि ४६४ क्रूझ अशी एकूण ५७२ अमेरिकी क्षेपणास्त्रे युरोपात आणायची, आणि त्याच वेळी ती आणावीच लागू नयेत अशा तडजोडीसाठी मॉस्कोला वाटाघाटींचे निमंत्रण द्यायचे, असा तो निर्णय होता. युरोपच्या मुख्य भूमीवर एकट्या पश्चिम जर्मनीने हे ओझे उचलू नये, ही श्मिट यांची अट होती. त्यामुळे ब्रिटन, इटली, बेल्जियम आणि नेदरलँड्स यांनीही वाटा उचलण्याचे मान्य केले.

त्यानंतरची चार वर्षे फार अवघड गेली. दोन आठवड्यांतच सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले. जिनिव्हातील वाटाघाटी सुरू व्हायला नोव्हेंबर १९८१ उजाडले. जुलै १९८२ मध्ये अमेरिकेचे पॉल नित्झे आणि सोव्हिएत संघाचे युली क्वित्सिन्स्की यांनी जंगलात फिरता फिरता एक तडजोड आखली. पर्शिंग-२ पूर्णपणे वगळणारी ती तडजोड दोन्ही राजधान्यांनी फेटाळली. ज्या देशात ही क्षेपणास्त्रे यायची होती त्याचे मत वॉशिंग्टनने विचारले नाही, हे श्मिट यांना फार लागले, आणि त्यांची नाराजी मला रास्त वाटते. त्याच उन्हाळ्यात सैबेरियातील वायुवाहिनीसाठी यंत्रसामग्री पुरवणाऱ्या युरोपीय कंपन्यांवर अमेरिकेच्या रेगन सरकारने निर्बंध लादले. रेगन यांच्या निकटच्या मानल्या जाणाऱ्या ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनीही या निर्बंधांना विरोध केला आणि नोव्हेंबरमध्ये ते मागे घ्यावे लागले.

रस्त्यांवरचा विरोध याहून मोठा होता. ऑक्टोबर १९८१ मध्ये बॉनमध्ये सुमारे तीन लाख लोक जमले. ब्रिटनमधील ग्रीनहॅम कॉमन तळाबाहेर महिलांनी वर्षानुवर्षे ठिय्या दिला. या लोकांना मॉस्कोचे हस्तक म्हणून निकालात काढणे अन्यायाचे होते. आपल्या भूमीवर अणुयुद्ध होऊ शकते, ही त्यांची भीती खरी होती. ऑक्टोबर १९८२ मध्ये श्मिट यांचे सरकार पडले. नव्या सरकारचे चॅन्सेलर हेल्मुट कोल यांनी निर्णय कायम ठेवला. फ्रान्सचे समाजवादी अध्यक्ष मित्तराँ यांनी जानेवारी १९८३ मध्ये थेट बॉनच्या संसदेत त्याला पाठिंबा दिला. २२ नोव्हेंबर १९८३ रोजी त्याच संसदेने २८६ विरुद्ध २२६ मतांनी तैनातीला संमती दिली आणि दुसऱ्या दिवशी सोव्हिएत प्रतिनिधी जिनिव्हातून उठून गेले.

सोव्हिएत संघात गोर्बाचेव्ह सत्तेवर आल्यावर चित्र पालटले. ८ डिसेंबर १९८७ रोजी वॉशिंग्टनमध्ये अमेरिका आणि सोव्हिएत संघ यांच्यात झालेल्या, मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांविषयीच्या आयएनएफ करारानुसार ५०० ते ५,५०० किलोमीटर पल्ल्याची जमिनीवरून डागली जाणारी सर्व क्षेपणास्त्रे नष्ट करायचे ठरले. १९९१ च्या मध्यापर्यंत सोव्हिएत संघाची १,८४६ आणि अमेरिकेची ८४६ क्षेपणास्त्रे मोडीत निघाली. याचे श्रेय केवळ तैनातीला किंवा केवळ गोर्बाचेव्ह यांना देणे मला एकांगी वाटते. वाटाघाटींचे दार उघडे ठेवण्याचा युरोपीय आग्रह नसता, तर १९८३ मध्ये ते बहुमतही बहुधा मिळाले नसते.

रशियाने ९एम७२९ हे क्षेपणास्त्र बनवून कराराचा भंग केल्याचा आरोप करत अमेरिका २ ऑगस्ट २०१९ रोजी या करारातून बाहेर पडली; रशियाने आरोप नाकारला, तर नाटोच्या इतर सदस्यांनी अमेरिकेला दुजोरा दिला. जुलै २०२४ मध्ये अमेरिका आणि जर्मनी यांनी २०२६ पासून जर्मनीत लांब पल्ल्याची पारंपरिक क्षेपणास्त्रे आणण्याचा मनोदय जाहीर केला. ते निवेदन दोनच देशांचे होते आणि १९७९ प्रमाणे त्यासोबत वाटाघाटींचा प्रस्ताव नव्हता.