पोटॅश गेलं कुठं?

मागच्या श्रावणात आमच्या नात्यातली एक पोरगी, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉलेजातून येताना एसटी स्टँडवरच चक्कर येऊन पडली. नाव-गाव सांगत नाही. जेवणानंतर तिला ओकाऱ्या होतात हे घरात महिनाभरापासून माहीत होतं, पण प्रत्येकाचं निदान वेगळं. बाप म्हणे पित्त आहे, काकू हळूच म्हणे दिवस तर नाही ना गेले, आणि आजीनं तर ठरवूनच टाकलं होतं की बाहेरचं हाये. मग एका बाबाकडे नेलं, लिंबू उतरवून झालं, पैसेही गेले. शेवटी तालुक्याला रक्त तपासलं तर पोटॅशियम 2.7. नॉर्मल असतं 3.5 ते 5. पोरगी दिसायला धडधाकट, वजन बरोबर, म्हणून कोणाच्या डोक्यातच काही आलं नाही.

ह्या आजाराचं नाव बुलिमिया नर्वोसा. ग्रीक भाषेतले बैल आणि भूक हे दोन शब्द जोडून बुलिमिया झालंय, म्हणजे बैलाची भूक. लंडनचे मानसोपचारतज्ज्ञ जेराल्ड रसेल यांनी 1979 मध्ये 30 पेशंटवरून त्याचं वर्णन केलं. थोड्या वेळात भसाभसा खाल्लं जातं, मधे थांबताच येत नाही, मग स्वतःचीच लाज वाटते आणि वजन वाढू नये म्हणून ओकून टाकणं, जुलाबाच्या गोळ्या किंवा दुसऱ्या दिवशी कडकडीत उपास. आठवड्यात एकदा तरी असं आणि तीन महिने चाललं की डॉक्टर हे नाव देतात. पोरांनाही होतो, पण पोरींमध्ये जास्त, आणि बहुतेक वेळा सुरुवात कॉलेजच्या वयाच्या आसपास.

हे शहरातल्या श्रीमंत पोरींचे चोचले आहेत असं मीही समजत होतो. पण फिजी बेटांच्या एका भागात 1995 ला टीव्ही आला, तेव्हा पाहणीतल्या शाळकरी मुलींमध्ये वजनासाठी उलटी काढणारी एकही नव्हती. 1998 ला अशा 11.3 टक्के निघाल्या. तिथं नुसता टीव्ही होता, आपल्याकडे तर हातात रील आणि वरून घरचे सांगतात की पाहुणे पाहायला येणार, जरा बारीक हो.

आता माझ्या आवडीचा भाग. माझं खताचं दुकान आहे, केमिस्ट्री शिकलोय, त्यामुळे रिपोर्टवर पोटॅशियम दिसलं की माझे कान टवकारतात. 10:26:26 च्या थैलीवरचा तिसरा आकडा तोच, पोटॅश. मला वाटलं ओकारीतून पोटॅश निघून गेलं असेल. पण नाही, ओकारीत ते फार थोडं असतं. मोठा हिस्सा जातो लघवीतून, आणि तो बाहेर टाकते आपलीच किडनी.

कसं ते पहा. पोटाच्या अस्तरातल्या पेशी आम्ल तयार करतात, आणि आम्लाचा एक कण पोटात सोडला की बायकार्बोनेटचा, म्हणजे सोड्यातल्या क्षाराचा, एक कण रक्तात जातो. एरवी ते आम्ल पुढे आतड्यात उतरतं, तिथं स्वादुपिंडातून येणारा क्षार त्याला भेटतो आणि हिशोब बरोबर होतो. ओकून टाकलं की आम्ल बाहेर आणि क्षार रक्तात अडकून, म्हणून रक्त अल्कलाइन व्हायला लागतं. किडनी म्हणते हा जास्तीचा क्षार लघवीतून काढू. पण बायकार्बोनेटवर ऋण भार असतो, तो एकटा जात नाही, सोबत धन भाराचं काहीतरी लागतं, सोडियम नाहीतर पोटॅशियम. आणि नेमकं त्याच वेळी अंगातलं पाणी आणि मीठ कमी झाल्यानं शरीराला वाटतं दुष्काळ पडला, मग किडनीवरच्या ग्रंथीतून अल्डोस्टेरॉन नावाचं हार्मोन सुटतं, त्याचा हुकूम एकच, सोडियम वाचवा. उरलं कोण? पोटॅशियम. दुष्काळात माणूस घर चालवायला सोनं मोडतो, तशी किडनी मीठ वाचवायला पोटॅश मोडते.

आणि पोटॅश काही बाहेर मोकळं पडलेलं नसतं. शरीरातलं 98 टक्के पेशींच्या आत असतं, आत साधारण 140 तर बाहेर रक्तात 4. ह्या फरकावरच हृदयाची पेशी प्रत्येक ठोक्यानंतर पुन्हा चार्ज होते. बाहेरचा आकडा पडला की चार्जिंग रेंगाळतं, अर्धवट चार्ज झालेल्या पेशी भलत्याच वेळी ठोका देतात. म्हणून धडधड, पायात गोळे, चक्कर, आणि कधी कधी हृदय बंद. नुसतं पाणी पाजून हे भरत नाही, आणि घरी मनानं गोळ्या देण्यातलंही हे काम नाही, जास्त झालेलं पोटॅशियमसुद्धा हृदय थांबवतं.

बरं, एवढं करून वजन उतरतं का? खाल्लेलं सगळं काही परत येत नाही, बरंच अंगी लागतं. जुलाबाची गोळी आणि ते सोनामुखीवाले डिटॉक्स चहा मोठ्या आतड्यावर काम करतात, तोवर अन्नातली कॅलरी छोट्या आतड्यानं शोषलेली असते. काट्यावर कमी दिसतं ते पाणी.

समोरच्या वरच्या दातांची आतली बाजू झिजलेली, गालफुगीसारखे गाल, बोटांच्या सांध्यावर घट्टे, जेवण झालं की लगेच मोरीत जाणं, ह्या खुणा. ओकारीनंतर लगेच ब्रश करू नये, आम्लानं मऊ झालेलं इनॅमल घासलं जातं, पाण्यानं चूळ भरावी.

उपचार आहे. फ्लुओक्सेटिन नावाची गोळी, आणि त्याहून मुख्य म्हणजे सीबीटी नावाचा बोलण्याचा उपचार. जवळ मानसोपचारवाला नसेल तर टेलिमानसचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात. सीबीटीत सुरुवातीलाच सांगतात की वेळेवर जेवा, उपास बंद. कारण उपासच पुढच्या भसाभसा खाण्याची तयारी करतो. अमेरिकेत मिनेसोटाला 1944-45 मध्ये 36 धडधाकट पुरुषांना प्रयोग म्हणून सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, नंतर अन्न मोकळं केल्यावर त्यातल्या काहींना खाताना थांबता येईना, पोट फुटायची वेळ आली तरी.

आमच्या पोरीचे तेव्हा सोळा सोमवार चालू होते, त्यातले सात राहिले होते. डॉक्टर म्हणाले बंद, आजी म्हणाली मधेच सोडले तर पाप लागते. दोन दिवस घरात हाच वाद. तिसऱ्या दिवशी मायनं भाकर थापता थापता सांगितलं, "तिचे राहिलेले सोमवार मी धरतो. देवाले काय फरक पडते."