जुन्या स्प्रिंग एअरगनची दुरुस्ती आणि निगा

स्प्रिंग एअरगन म्हणजे स्प्रिंगच्या जोरावर हवा दाबून छर्रा सोडणारी बंदूक. नळी सांध्यातून खाली वाकवली की स्प्रिंग दबते आणि पिस्टन मागे अडकतो. चाप ओढला की पिस्टन पुढे झेपावतो आणि दाबलेली हवा बारीक छिद्रातून नळीत शिरून छर्‍याला ढकलते. सोलापूरकरांना ही बंदूक ठाऊक असते ती सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत, फुगे फोडायच्या स्टॉलवरची.

जुनी बंदूक कमजोर झाली की लोक आधी स्प्रिंग बदलायला धावतात. दोष मात्र बहुधा पिस्टनच्या तोंडाशी असलेल्या चामडी वायसरमध्ये असतो. सोलापूरचा उन्हाळा कोरडा, पारा चाळिशी ओलांडणारा. अशा हवेत माळ्यावर वर्षानुवर्षे पडलेले चामडे सुकते, आक्रसते आणि कडेने हवा सोडते. त्यावर साधा उपाय आहे. हवेच्या छिद्रात तेलाचे दोन-तीन थेंब सोडून बंदूक दस्त्यावर, नळी वर करून रात्रभर उभी ठेवायची. चामडे तेल पिऊन फुगते आणि पुष्कळदा तेवढ्यावरच भागते. तेल जास्त झाले तर दाबाच्या उष्णतेने ते पेटते: मोठा आवाज होतो, नळीतून धूर येतो आणि वायसर, स्प्रिंग दोन्ही खराब होतात.

नळीच्या सांध्यातली लहान वायसरही तपासावी. सांध्यावर टिश्यू पेपरची पट्टी ठेवून छर्रा भरून बार काढावा. पट्टी उडाली तर हवा तिथूनच गळते. छर्र्याविना बार काढू नये, कारण हवेची उशी न मिळाल्याने पिस्टन सिलिंडरच्या तोंडावर आदळतो.

खोलायचे काम जोखमीचे आहे. सुटी दिसणारी स्प्रिंगही आत दाबाखालीच बसवलेली असते, म्हणून पिना काढण्याआधी सुताराचा शिकंजा लावून ती धरावी आणि हळूहळू सैल करावी. बाहेर काढलेली स्प्रिंग काचेवर लोळवली की वाकडेपणा लगेच कळतो. नव्यापेक्षा थोडी आखूड भरली तर चिंता नको. बार काढताना झणझण वाजत असेल तर स्प्रिंगच्या आतला दांडा ढिला असतो. यंत्रमागांच्या या शहरात लेथची कमतरता नाही. मापाचा दांडा कातून घेणे इथे अवघड नाही.

जास्त ताकदीची स्प्रिंग बसवण्याचा मोह मात्र टाळावा. २०१६ च्या शस्त्र नियमांत परवान्यातून सूट आहे ती ४.५ मिमीपर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या एअरगनला. शिवाय जादा जोराने जुन्या बंदुकीचा चाप आणि सांधा लवकर झिजतात. चाचणी कागदी निशाणावरच घ्यावी. पक्ष्यांवर नेम धरणे वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि माळढोकाचे नान्नज अभयारण्य तर शहरापासून फार दूर नाही.

भरताना एक हात नळीवर घट्ट असावा. चाप सुटला तर उघडी नळी बोटांवर झटक्यात मिटते. भरलेली बंदूक तशीच ठेवल्याने स्प्रिंग थकते. ठेवण्याआधी निशाणावर बार काढून ती मोकळी करावी, नळी आतून कोरड्या फडक्याने पुसावी आणि बाहेरून तेलाचा पातळ हात फिरवावा.