‘टाइम आउट ऑफ माइंड’ची पार्श्वभूमी: ऑक्सनार्डचं थिएटर ते मायामीतली गर्दी

अमेरिकी गायक-गीतकार बॉब डिलनचा ‘टाइम आउट ऑफ माइंड’ हा अल्बम ३० सप्टेंबर १९९७ रोजी प्रकाशित झाला. डिलन तेव्हा ५६ वर्षांचा होता. चारच महिन्यांपूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस, छातीत कळा येऊ लागल्यामुळे त्याला रुग्णालयात दाखल करावं लागलं होतं. निदान झालं हिस्टोप्लाझ्मोसिसचं. पक्ष्यांच्या नि वटवाघळांच्या विष्ठेने माखलेल्या मातीत वाढणाऱ्या बुरशीचे बीजाणू श्वासावाटे शरीरात गेले की हा संसर्ग होतो. डिलनच्या बाबतीत त्याने हृदयाभोवतीच्या आवरणाला सूज आणली आणि युरोपचा दौरा रद्द झाला. त्यानंतर ‘नॉट डार्क येट’ आणि ‘ट्राइंग टु गेट टु हेवन’ अशा नावांची गाणी असलेला अल्बम आला, तेव्हा मृत्यूच्या दारातून परतलेल्या माणसाचं हे गाणं आहे असं अनेकांनी ठरवूनच टाकलं. ही समजूत अजूनही कानावर येते, पण ती तारखांच्या कसोटीला उतरत नाही. अल्बमचं ध्वनिमुद्रण जानेवारी १९९७ मध्ये झालं होतं. त्यातली बरीच गाणी त्याच्याही आधीच्या हिवाळ्यात, मिनेसोटातल्या शेतघरी बर्फामुळे घराबाहेर पडता येत नव्हतं त्या काळात लिहिली गेली. म्हणजे आजारपणाच्या आधीच शब्द आणि स्वर दोन्ही टेपवर होते. या अल्बममधली कातरवेळ कुठून आली, हे शोधायचं तर सात वर्षं मागे जावं लागतं.

१९९० साली ‘अंडर द रेड स्काय’ आला. एल्टन जॉन, जॉर्ज हॅरिसन, स्टीव्ही रे व्हॉन, स्लॅश अशी बडी मंडळी साथीला होती, तरी अल्बमची संभावना थंडपणे झाली. पुढची सात वर्षं डिलनचा नव्या गाण्यांचा एकही अल्बम आला नाही. त्याचे दौरे मात्र चालू होते. १९८८च्या जूनपासून तो वर्षाला सुमारे शंभर कार्यक्रम करत होता. १९९२ मध्ये ‘गुड अ‍ॅज आय बीन टु यू’ आणि १९९३ मध्ये ‘वर्ल्ड गॉन राँग’ हे दोन अल्बम त्याने एकट्याने, गिटार आणि हार्मोनिका घेऊन केले. त्यात स्वतःचं गाणं एकही नाही, सगळी जुनी लोकगीतं आणि ब्लूज, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांची जुनी गाणी. अनेक चरित्रांमध्ये या दोन अल्बमना एखादं वाक्य मिळतं, आणि माझ्या मते तिथेच गफलत होते. १९९७च्या गाण्यांची भाषा या दोन अल्बममध्ये घडली. जुन्या ब्लूजमधल्या ओळी मालकी सांगत नाहीत. त्या एका गाण्यातून दुसऱ्या गाण्यात सहज जातात. ‘टाइम आउट ऑफ माइंड’मध्ये डिलनने हीच रीत उचलली. ‘हायलँड्स’ या शेवटच्या गाण्याचा पाया तर थेट रॉबर्ट बर्न्स या अठराव्या शतकातल्या स्कॉटिश कवीच्या ओळीवर उभा आहे.

निर्माता म्हणून त्याने पुन्हा डॅनियल लान्वाला बोलावलं. लान्वा कॅनडाचा. ब्रायन ईनोच्या जोडीने यूटू या बँडचा ‘द जोशुआ ट्री’ आणि पीटर गेब्रिएलसोबत त्याचा ‘सो’ त्याने केला होता. डिलनबरोबरही १९८९ मध्ये न्यू ऑर्लीन्समध्ये ‘ओ मर्सी’ केला होता. त्या वेळीही दोघांचे खटके उडाले होते आणि ‘सीरिज ऑफ ड्रीम्स’सारखं गाणं अल्बमबाहेर राहिलं होतं. तरीही दुसऱ्यांदा भेट झाली ती न्यूयॉर्कच्या एका हॉटेलच्या खोलीत. डिलनने गिटारला हातही न लावता नुसते शब्द वाचून दाखवले आणि यात अल्बम आहे का असं विचारलं. लान्वा हो म्हणाला.

डिलनने त्याला ऐकण्यासाठी जुन्या कलावंतांची नावं दिली: चार्ली पॅटन, लिटल वॉल्टर, आर्थर अलेक्झांडर. लान्वाने तालवादक टोनी मँगुरियनला बरोबर घेऊन एक युक्ती केली. जुनी तबकडी लावायची, तिच्या जोडीने दोघांनी वाजवायचं, मग तबकडी काढून टाकायची आणि स्वतः वाजवलेल्या भागातल्या काही मात्रांचा तुकडा कापून तो सलग फिरवत ठेवायचा, म्हणजे लूप करायचा. हिप-हॉपवाल्यांची ही पद्धत, फरक इतकाच की इथे मूळ तबकडीचा एकही स्वर शिल्लक राहत नाही. उरते ती फक्त तिच्या ठेक्याची ढब. ठेका किंचित मागे रेलणं, दोन आघातांमधलं अंतर कमीजास्त होणं या गोष्टी कागदावर लिहिता येत नाहीत, त्या या तुकड्यांत पकडल्या गेल्या.

पहिलं काम झालं कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डमध्ये. तिथलं एक जुनं चित्रपटगृह लान्वाने स्टुडिओ म्हणून घेतलं होतं, नाव ‘तेआत्रो’. डिलन पियानोवर, मँगुरियन ड्रम्सवर, लान्वा गिटारवर, एवढ्यावर ‘कान्ट वेट’चं एक रूप तिथे टेपवर उतरलं. ते २००८ मध्ये ‘बूटलेग सीरिज’च्या, म्हणजे डिलनची अप्रकाशित ध्वनिमुद्रणं बाहेर काढणाऱ्या मालिकेच्या, आठव्या भागात आलं. अल्बममधलं रूप सावध पावलं टाकतं, तर तेआत्रोतलं सरळ अंगावर येतं. लान्वाला काम तिथेच पुढे न्यायचं होतं. पण घराच्या इतक्या जवळ काम होत नाही, असं डिलनचं म्हणणं पडलं आणि त्याने गाठलं देशाचं दुसरं टोक, मायामीतला क्रायटेरिया स्टुडिओ.

मायामीत माणसं वाढत गेली. लान्वाने आपली माणसं आणली होती, डिलनने आपल्या दौऱ्यातला संच बोलावला, शिवाय काही जुने-जाणतेही आले. ड्रम्सवर जिम केल्टनर, ब्रायन ब्लेड, डेव्हिड केम्पर. बासवर टोनी गार्नियर. ऑर्गनवर ऑगी मायर्स. कीबोर्डवर मेम्फिसचा जिम डिकिन्सन. स्टील आणि स्लाइड गिटारवर बकी बॅक्स्टर आणि सिंडी कॅशडॉलर. गिटारवर ड्यूक रोबिलार्ड आणि बॉब ब्रिट. सगळे एकाच खोलीत, एकाच वेळी वाजवणारे. दोन ड्रमर एकदम वाजवताहेत, असंही होत होतं. डिलन आयत्या वेळी पट्टी बदलायचा, लय बदलायचा, पेन्सिलीने शब्द खोडून नवे लिहायचा. साथीदारांनी त्याच्या हाताकडे बघून काय ते ओळखायचं.

या पद्धतीचं तांत्रिक गणित समजून घेतलं तर अल्बमचा नाद उलगडतो. एका खोलीत दहा-बारा जण वाजवत असतील तर कुठलाच माइक फक्त आपल्या वाद्याचा राहत नाही. गायकाच्या माइकमध्ये ड्रम्स येतात आणि ड्रम्सच्या माइकमध्ये गायक. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणजे तीन मीटरवरच्या माइकला तोच आवाज जवळजवळ ९ मिलिसेकंद उशिरा पोचतो. ही उशिराची प्रत मूळ आवाजात मिसळली की काही कंपनं एकमेकांना खातात, काही बळावतात. नीट जमलं तर नादाला खोली मिळते, बिघडलं तर सगळं पोकळ आणि धूसर होतं. दुसरी अडचण दुरुस्तीची. एखादी ओळ गायकाने चुकवली आणि नंतर ती एकट्याने पुन्हा गायली, तरी जुनी ओळ ड्रम्सच्या माइकमधून भुतासारखी ऐकू येत राहते. प्रत्येक टेकला, म्हणजे गाण्याच्या प्रत्येक मुद्रणाला, पट्टी नि लय वेगळी असेल तर तिसऱ्या टेकचा अर्धा भाग पाचव्याला जोडताही येत नाही. आवाजावर प्रतिध्वनी चढवायला जावं तर त्या माइकमधल्या झांजांवरही तो चढतो. नंतर वरून काही वाद्यं भरता येतात, आणि ती भरलीही गेली, पण गाण्याचा कणा हा अखंड टेकच असावा लागतो. तो मिळवायचा एकच मार्ग: प्रत्येकाने हात आखडून वाजवायचं. या अल्बममध्ये इतके वादक असून गर्दी का वाटत नाही, सगळे कुठल्या तरी दाराआड वाजवताहेत असं का वाटतं, याचं कारण मुख्यतः हेच.

डिलनच्या आवाजावरही काम झालं. पंचावन्नाव्या वर्षी त्याची तारसप्तकाची धाव आटली होती, पण खालच्या स्वरांत खरखर आणि वजन आलं होतं. ब्लूजमधले हार्मोनिकावादक माइक छोट्या गिटार-अ‍ॅम्प्लिफायरमधून मुद्दाम फाटेस्तोवर चढवतात. लिटल वॉल्टर त्यातला अग्रणी. ‘लव्ह सिक’च्या पहिल्याच ओळीत डिलनच्या गळ्याला तशीच वागणूक दिलेली स्पष्ट ऐकू येते. आवाज फाटका आहे, पण शब्द न् शब्द कळतो. चांगल्या स्पीकरवर हळू आवाजात ऐकलं तर ही कड अधिक नीट जाणवते.

‘कोल्ड आयर्न्स बाउंड’चा जन्म या सगळ्या गोंधळाची चांगली बाजू दाखवतो. केम्पर लवकर येऊन ड्रम्सवर एक ठेका घोळवत बसला होता, गार्नियर बास घेऊन त्यात मिसळला. डिलन आत आला, त्याने ते थांबवू नका असं सांगितलं, कागद-पेन्सिल घेऊन लिहू लागला आणि थोड्याच वेळात गाणं टेपवर होतं. ‘डर्ट रोड ब्लूज’ची गोष्ट उलट दिशेने जाते. जुन्या संचाबरोबरच्या एका कच्च्या टेपमधली मजा मायामीत काही केल्या येईना, तेव्हा त्या टेपचाच तुकडा फिरवून त्यावर गाणं बांधलं गेलं. म्हणूनच दौऱ्यातला जुना ड्रमर विन्स्टन वॉटसन याचं नाव या एका गाण्यापुरतं श्रेयनामावलीत दिसतं.

जे हरवलं त्याचीही नोंद हवी. ‘नॉट डार्क येट’ तेआत्रोत अधिक द्रुत आणि सुटसुटीत होतं; मायामीत डिलनने ते संथ करून टाकलं. लान्वाला पहिलं रूप आवडत होतं. मला वाटतं इथे डिलनचाच कान बरोबर होता, कारण त्या गाण्यातला माणूस घाईत असूच शकत नाही. ‘मार्चिंग टु द सिटी’ हळूहळू ‘टिल आय फेल इन लव्ह विथ यू’ झालं. ‘ड्रीमिंग ऑफ यू’मधल्या ओळी ‘स्टँडिंग इन द डोअरवे’त गेल्या. ‘रेड रिव्हर शोअर’ वगळलं गेलं, हे मात्र आजही पटत नाही. सर्वांत मोठा वाद ‘मिसिसिपी’वर झाला. लान्वाला त्यात एकमेकांत गुंतलेले अनेक ठेके हवे होते, डिलनचं म्हणणं होतं की या गाण्याचे शब्दच इतके भरलेले आहेत की खाली सरळ ठेका हवा. तडजोड झाली नाही. गाणं बाजूला राहिलं, १९९८ मध्ये शेरिल क्रो या गायिकेने ते आधी गायलं.

उरलेल्या ११ गाण्यांची लांबी जवळपास ७३ मिनिटं भरते. सीडीची प्रचलित मर्यादा ७४ मिनिटांची होती, त्यामुळे एका सीडीत ते जेमतेम बसलं. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटांपलीकडे गेलं की खाचा दाटीने येतात, आवाज उतरतो आणि खर्ज बारीक करावा लागतो, म्हणून तिथे दोन तबकड्या लागल्या. एकट्या ‘हायलँड्स’लाच साडेसोळा मिनिटं जातात.

अल्बम अमेरिकेतल्या अल्बमच्या खपाच्या यादीत दहाव्या क्रमांकावर दाखल झाला. फेब्रुवारी १९९८च्या ग्रॅमी सोहळ्यात त्याला तीन पारितोषिकं मिळाली. वर्षातला सर्वोत्कृष्ट अल्बम ठरताना त्याने रेडिओहेडचा ‘ओके कम्प्युटर’ आणि पॉल मॅकार्टनीचा ‘फ्लेमिंग पाय’ मागे टाकले. पारितोषिक स्वीकारतानाच्या भाषणात डिलनने रॉक अँड रोल गायक बडी हॉलीची आठवण काढली. जानेवारी १९५९ मध्ये डुलुथला त्याने हॉलीला काही फुटांवरून पाहिलं होतं आणि तीनच दिवसांनी हॉली विमान अपघातात गेला होता.

एवढं होऊनही डिलन समाधानी नव्हता. जलद लयीची गाणी मायामीत जमलीच नाहीत, सगळा अल्बम एकाच गतीत अडकला, ही त्याची तक्रार त्याने पुढे मुलाखतींत बोलून दाखवली. त्याचा परिणाम दूरवर गेला. २००१चा ‘लव्ह अँड थेफ्ट’ त्याने जॅक फ्रॉस्ट या नावाने स्वतःच निर्माण केला. साथीला दौऱ्यातलाच संच होता, त्यात ऑर्गनवर ऑगी मायर्सची भर, आणि काम सुमारे दोन आठवड्यांत संपलं. ‘मिसिसिपी’ त्यात आहे, सरळ ठेक्यावर.

लान्वाच्या ध्वनिमिश्रणाचा प्रश्न २०२३ मध्ये पुन्हा निघाला. ‘बूटलेग सीरिज’च्या सतराव्या भागात मायकेल ब्राउअरने मूळ टेपवरून संपूर्ण अल्बमचं नवं मिश्रण केलं आणि नंतर चढवलेले परिणाम बरेच उतरवून वादक खोलीत जसे वाजवत होते त्याच्या जवळ नेलं. पहिल्यांदाच ऐकणाऱ्याने १९९७चं रूप आधी ऐकावं, मग ‘लव्ह सिक’ आणि ‘कान्ट वेट’ दोन्ही रूपांत लागोपाठ लावावीत. नव्या रूपात ऑर्गन आणि दोन गिटारी वेगवेगळ्या उचलता येतात, डिलनचा श्वास ऐकू येतो. जुन्यात त्या एकमेकांत विरघळलेल्या आहेत, आणि ‘स्टँडिंग इन द डोअरवे’पुरतं तरी मी अजून जुन्याकडेच वळतो.