नेटवर्क ऑडिओ इंटरफेसची निवड

माइक आणि वाद्यांचा आवाज डिजिटल करून तो यूएसबीऐवजी इथरनेट केबलने संगणक, मिक्सर किंवा दुसऱ्या इंटरफेसपर्यंत नेणारे उपकरण म्हणजे नेटवर्क ऑडिओ इंटरफेस. कॅट-६ केबल १०० मीटरपर्यंत चालते आणि गिगाबिट जाळ्यात एकाच केबलमधून शेकडो चॅनेल जातात. सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिरात किंवा होम मैदानावर जाडजूड मल्टिकोर (अनेक माइकच्या तारा एकत्र असलेली केबल) ओढलेल्यांना याचे मोल सांगावे लागत नाही.

घेताना प्रीअँपच्या (माइकचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या भागाच्या) आधी प्रोटोकॉल, म्हणजे उपकरणे जाळ्यावर एकमेकांशी बोलण्याची पद्धत, पाहावा. ऑस्ट्रेलियातील ऑडिनेट कंपनीचे ‘डान्टे’ मंचावर चांगलेच रुळले आहे. मोटू कंपनीच्या अनेक इंटरफेसमध्ये ‘एव्हीबी’ हा दुसरा प्रोटोकॉल असतो. त्याला एव्हीबी चालवणारेच स्विच (जाळ्यातल्या केबल एकत्र जोडणारे उपकरण) लागतात. ही दोन्ही एकमेकांशी थेट जुळत नाहीत. २०१३ मध्ये आलेल्या ‘एईएस ६७’ मानकामुळे डान्टे आणि रॅव्हेना या आणखी एका प्रोटोकॉलमध्ये देवाणघेवाण होऊ शकते, मात्र उपकरणात ती सोय हवी. खरी फसगत सॉकेटमुळे होते. बेहरिंगर एक्स-३२ मिक्सरच्या मागे इथरनेटसारखेच दिसणारे आरजे-४५ सॉकेट असतात, पण ते ‘एईएस ५०’ या वेगळ्याच प्रोटोकॉलचे. डान्टेसाठी त्यात वेगळे कार्ड बसवावे लागते. साऊंड भाड्याचा असेल, तर मिक्सरचे मॉडेल आणि त्यातले कार्ड आधीच विचारून घ्यावे.

आवाज पोहोचायला होणारा उशीर जाळ्यापेक्षा संगणकात जास्त असतो. डान्टे उपकरणांमध्ये तो साधारण १ मिलिसेकंद ठेवतात. तेवढ्या वेळात आवाज हवेतून जेमतेम ३४ सेंटिमीटर जातो. संगणक डान्टेला जोडणारे ‘डान्टे व्हर्च्युअल साऊंडकार्ड’ हे सॉफ्टवेअर वापरल्यास किमान ४ मिलिसेकंद धरावे लागतात, शिवाय ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरचा बफर (आवाज क्षणभर साठवून ठेवण्याचा वेळ) वेगळा. म्हणून गायकाच्या कानातला मॉनिटर मिक्सरमधूनच द्यावा. सॅम्पल रेट (आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो तो आकडा) सगळीकडे सारखा हवा. स्टुडिओतला इंटरफेस ४४.१ किलोहर्ट्झवर तसाच राहिला आणि मंचावर ४८ असेल, तर डान्टेत चॅनेल जोडलेच जात नाहीत.

घरी दोन माइकवर भजन ध्वनिमुद्रित करणाऱ्याने या खर्चात पडू नये, यूएसबी पुरते.

स्विच गिगाबिट घ्यावा आणि त्यातली वीजबचतीची सोय बंद ठेवावी. डान्टेचा आवाज वाय-फायवरून नेऊ नये. तिथे फक्त टॅबलेटवरून मिक्सर चालवावा. खुल्या मैदानावर प्लॅस्टिकची साधी पिन पायाखाली टिकत नाही, तिथे धातूच्या कवचाचे इथरकॉन कनेक्टर बरे. मोठ्या कार्यक्रमासाठी प्रायमरी आणि सेकंडरी असे दोन पोर्ट असलेला इंटरफेस घ्यावा आणि दोन्ही केबल वेगवेगळ्या स्विचमध्ये, वेगवेगळ्या वाटेने न्याव्यात.