सोन्याच्या खालची तांबडी माती: ऱ्हाईनकाठच्या भक्तिचित्रांची पार्श्वभूमी

पंधराव्या शतकातल्या जर्मन भक्तिचित्रांबद्दल एक सोपी कथा नेहमी सांगितली जाते: आधी सपाट सोनेरी पार्श्वभूमी होती, मग चित्रकार निसर्ग पाहायला शिकले आणि सोने गेले. तारखा लावून पाहिल्या की ही कथा टिकत नाही. फ्रँकफुर्टच्या श्टेडेल संग्रहालयातले ‘नंदनवनाची छोटी बाग’ हे चित्र सुमारे १४१० ते १४२० मधले. त्यात आकाश निळे आहे. कोलोनच्या श्टेफान लोखनरने शतकाच्या मध्यास ‘गुलाबमांडवातली मारिया’ (मारिया म्हणजे येशूची आई) रंगवली, ती सोन्यावर. आणि मार्टिन शोनगाउअरने १४७३ मध्ये कोलमारमध्ये (आज फ्रान्समध्ये) त्याच विषयाचे मोठे चित्र केले, तेव्हाही मागे सोनेच ठेवले. सोने ही अडाणीपणाची खूण नव्हती, निवड होती.

या चित्रांचा उगम मोठ्या वेदीपेक्षा एकांतातल्या प्रार्थनेत आहे. चौदाव्या शतकात ऱ्हाईन नदीच्या काठच्या मठांत, विशेषतः डोमिनिकन जोगिणींमध्ये, ख्रिस्ताच्या वेदनांवर आणि मारियेच्या मायेवर मन एकाग्र करायची रीत रुजली. त्यासाठी गोष्ट सांगणारे नव्हे, समोर बसून न्याहाळायचे चित्र हवे होते. म्हणून आकार लहान: लोखनरची मारिया जेमतेम ५१ × ४० सेंटिमीटर, फ्रँकफुर्टची बाग तर २६ × ३३.

त्या बागेला पांढरी तटबंदी आहे. जुन्या करारातल्या ‘गीतरत्ना’मधली बंद बाग, म्हणजे मारियेचे कौमार्य, असा तिचा अर्थ. आत स्ट्रॉबेरीला फूल आणि फळ एकाच वेळी लगडले आहे. कुमारिका आणि माता एकच, हे सांगायला याहून सोपे झाड नाही. स्ट्रॉबेरीच्या त्रिदळी पानात त्रैक्यही, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांचे एकत्व, दिसे. पिओनीच्या फुलाला काटे नसलेला गुलाब मानत. उजवीकडे संत जॉर्जने मारलेला ड्रॅगन पालीएवढा होऊन उताणा पडला आहे, ही चित्रकाराची मिस्कील गंमत. मात्र झाडे नुसती खुणेपुरती काढलेली नाहीत. वीसेक जाती ओळखता येतात, आणि वेगवेगळ्या ऋतूंतली फुले एकदम फुललेली आहेत. स्वर्गात ऋतू नसतात.

सोन्याचा अर्थ मात्र कोशात बघून कळत नाही, तो कृतीत कळतो. ऱ्हाईनच्या खालच्या भागात फळी ओकची, दक्षिणेत बहुधा फर, स्प्रूस किंवा लिंडनची. सांध्यांवर कापडाच्या पट्ट्या सरसाने चिकटवत. त्यावर खडूची पूड आणि सरस यांचे पातळ हात एकावर एक, हेच अस्तर. (इटलीत खडूऐवजी जिप्सम, त्यामुळे अस्तराच्या तपासणीवरून चित्र आल्प्सच्या कोणत्या बाजूचे याचा अंदाज येतो.) आज हे काम करणारे साधारण १ भाग कोरड्या सरसाला १० ते १२ भाग पाणी घेतात. सरस उकळला तर त्याची पकड जाते. वरचा हात खालच्यापेक्षा कडक झाला तर तो आकसतो आणि तडे जातात. फार पातळ झाला तर अस्तर बोटाला पांढरे लागते.

घासून गुळगुळीत केलेल्या अस्तरावर आकृत्यांच्या कडा सुईने कोरत, म्हणजे सोने कुठे थांबवायचे ते कळे. मग ‘बोल’ नावाची तांबडी चिकणमाती. ती ओलसर करून वर्ख ठेवायचा आणि तो ‘आला’, म्हणजे घोटण्याइतका वाळला, की अकीक किंवा कुत्र्याच्या दाताने घोटायचा. ‘आला की’ हाच सगळा हुन्नर: लवकर घोटले तर वर्ख फाटतो, उशीर झाला तर चमक येत नाही. प्रभामंडळातल्या टिकल्या ठशांनी उठवत. मेणबत्तीची ज्योत हलली की त्या लुकलुकत. जे सोने दिव्याने जिवंत होते ते संग्रहालयाच्या स्थिर उजेडात निव्वळ पिवळे दिसते. घासून वर्ख झिजला की खालची तांबडी माती डोकावते.

रंगांचेही असेच. तांब्यापासून केलेला पारदर्शक हिरवा कालांतराने तपकिरी पडतो, म्हणून ‘वाळलेली’ दिसणारी पाने मुळात टवटवीत असू शकतात. त्यांत उदासीचे प्रतीक शोधू नये. अझुराइट या खनिजाचा निळा बारीक वाटला की फिका पडतो, जाडसर ठेवला तर गडद पण खरखरीत. तेलात तो हिरवट-काळपट होण्याचा धोका, म्हणून अनेकदा सरसात लावत. सोने-चांदीचा जोडवर्ख स्वस्त पडे, पण आतली चांदी काळवंडते.

लोखनरच्या मारियेच्या छातीवरच्या पदकात कुमारिका आणि एकशिंगी प्राणी आहेत. कुमारिकेच्या मांडीवरच तो शांत होतो, ही जुनी समजूत इथे देव मारियेच्या पोटी माणूस होऊन आला या ख्रिस्ती श्रद्धेवर बसवली आहे. तळहाताएवढ्या अंतरावरून पाहिल्याशिवाय ते नजरेत येत नाही.

कोलमारचे चित्र मात्र पुढे चारही बाजूंनी कापले गेले. चौकटीला टेकून सुकलेल्या अस्तराचा उंचवटा कडेला राहतो, तो मूळ सीमेचा पुरावा असतो; कापलेल्या कडेला तो मिळत नाही. त्यातली बाग आधी किती मोठी होती हे बोस्टनच्या इझाबेला स्ट्युअर्ट गार्डनर संग्रहालयातल्या छोट्या प्रतीवरून समजते.