अमेझॉन वर्षावनातील प्राचीन वसाहती

युरोपीय लोक येण्यापूर्वी दक्षिण अमेरिकेतील अमेझॉन खोऱ्याच्या वर्षावनात मोठ्या आणि कायमच्या वसाहती होत्या का, हा पुरातत्त्वशास्त्रातील जुना वाद आहे. असे जंगल विरळ, भटकी वस्तीच पोसू शकते, हे मत विसाव्या शतकात बराच काळ प्रमाण मानले गेले. गेल्या काही दशकांतील पुरावा मात्र त्याच्या विरोधात गेला आहे.

१५४१–४२ मध्ये स्पॅनिश मोहीमनायक फ्रान्सिस्को दे ओरेयाना याच्या तुकडीने नदीमार्गे अँडीजपासून अटलांटिकपर्यंत प्रवास केला. तिच्यासोबतचा धर्मगुरू गास्पार दे कार्व्हाहाल याने काठावरील दाट लोकवस्तीचे, गावांच्या सलग रांगांचे आणि आत जाणाऱ्या रुंद वाटांचे वर्णन लिहून ठेवले. त्यातच लढवय्या स्त्रियांच्या राज्याची अद्‌भुत हकीकतही असल्याने आणि पुढील प्रवाशांना तेवढी वस्ती न दिसल्याने त्याचा वृत्तांत अतिरंजित ठरवला गेला. मधल्या काळात देवी, गोवर यांसारख्या साथींनी आणि गुलामांसाठी पडलेल्या धाडींनी काठ ओस पाडले होते, ही गोष्ट त्या निवाड्यात पुरेशी विचारात घेतली गेली नाही.

वस्ती विरळ असल्याच्या मताची सर्वांत प्रभावी मांडणी अमेरिकी पुरातत्त्वज्ञ बेटी मेगर्स यांनी केली. मुसळधार पावसाने जमिनीतील पोषकद्रव्ये वाहून जातात आणि उरलेली बहुतांशी जिवंत वनस्पतींतच साठलेली असतात. त्यामुळे जंगल जाळून केलेली शेती दोन-तीन हंगामांत थकते आणि गावाला जागा बदलावी लागते, असा त्यांचा युक्तिवाद होता. मातीविषयीचे त्यांचे निरीक्षण बहुतांश खरे आहे. चूक होती ती फिरती शेती हीच तेथील मूळ शेतीपद्धती मानण्यात. दगडी कुऱ्हाडीने मोठी झाडे पाडणे अत्यंत कष्टाचे असल्याने वरचेवर नवे रान तोडत राहणे लोखंडी कुऱ्हाड आल्यावरच परवडू लागले असावे, हे भूगोलतज्ज्ञ विल्यम डेनेव्हन यांनी दाखवून दिले.

निकृष्ट मातीच्या अडचणीवर तेथील लोकांनी शोधलेले उत्तर आजही जमिनीत आहे. पोर्तुगीजमध्ये ‘तेरा प्रेता’ म्हणून ओळखली जाणारी ही काळी माती दख्खनच्या रेगूरसारखी खडक झिजून झालेली नाही, तर मानवनिर्मित आहे. सभोवतालची जमीन पिवळसर, आम्लधर्मी असताना जुन्या वस्तीच्या जागी खणल्यास काळाभोर थर लागतो. त्यात कोळशाचे बारीक तुकडे, खापऱ्या, मासे आणि कासवांची हाडे मिसळलेली असतात, आणि फॉस्फरस व कॅल्शियमचे प्रमाण आजूबाजूच्या मातीपेक्षा कितीतरी अधिक असते. कोळसा शतकानुशतके टिकतो आणि पोषकद्रव्ये धरून ठेवतो, म्हणून गाव उठून गेल्यावरही तिची सुपीकता उरते. यातील काही भाग उकिरड्यांतून आपोआप तयार झाला असेल; परंतु ब्राझीलमधील शिंगू नदीच्या खोऱ्यातील कुइकुरो हे आदिवासी लोक राख, कोळसा व कचरा मिसळून अशी माती आजही जाणीवपूर्वक तयार करतात, असे २०२३ मधील एका अभ्यासात नोंदवले आहे.

याच कुइकुरो लोकांच्या प्रदेशात पुरातत्त्वज्ञ मायकेल हेकेनबर्गर यांनी खंदक, चौक आणि सरळ रुंद रस्त्यांनी जोडलेल्या गावांचे समूह शोधले. त्यांच्या संशोधनलेखांत स्थानिक कुइकुरो सहलेखक आहेत, ही बाब आवर्जून सांगण्याजोगी आहे. इक्वेडोरच्या उपानो खोऱ्यातील शोध त्याहून जुन्या काळात नेतो. पुरातत्त्वज्ञ स्टेफां रोस्तें व सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लायडार (विमानातून लेसर किरण सोडून झाडांखालच्या जमिनीचा उंचसखलपणा टिपणारे तंत्र) सर्वेक्षणात सुमारे ३०० चौ. किमी. क्षेत्रात मातीचे ६,००० हून अधिक चौथरे आढळले. त्यांची उभारणी इ. स. पू. सुमारे ५०० पासून सुरू झाली. चौथऱ्यांवर चुली, मोठे रांजण, दळणाचे दगड आणि जळके बी सापडले. मधल्या जागेत पाण्याचा निचरा करणारी शेते आहेत आणि वसाहतींना जोडणारे रस्ते चढ-उतारांची पर्वा न करता सरळ जातात. येथे मका, रताळे आणि कसावा ही पिके होती. आपल्याकडे ज्याच्या कंदापासून साबुदाणा करतात तो कसावा मुळात अमेझॉन खोऱ्याच्या नैर्ऋत्य भागात लागवडीखाली आला.

तथापि ही उदाहरणे संपूर्ण खोऱ्याला लावणे धाडसाचे ठरेल. उपानोची जमीन सांगाय ज्वालामुखीच्या राखेमुळे सुपीक आहे, बोलिव्हियातील कासाराबे संस्कृतीची (इ. स. ५०० ते १४००) शहरे, ज्यांतील काही शंकूसारखे मातीचे पिरॅमिड २० मीटरहून उंच आहेत, गवताळ मैदान व जंगल यांच्या मिश्र प्रदेशात आहेत. मोठ्या नद्यांपासून दूरच्या जंगलात घेतलेल्या मातीच्या नमुन्यांत कोळसा आणि पिकांचे अवशेष बरेचदा तुरळकच मिळतात. म्हणून १४९२ च्या सुमारास खोऱ्यात ८० लाख ते १ कोटी लोक राहत असल्याचा अंदाज सर्वांना मान्य नाही. दुसरीकडे, २०२३ मध्ये अमेझॉनियाच्या (अमेझॉन वर्षावनाच्या प्रदेशाच्या) केवळ ०.०८ टक्के क्षेत्राच्या लायडार नोंदी तपासल्यावर २४ नवी मातीची बांधकामे सापडली, आणि त्यावरून संशोधकांनी आणखी दहा हजारांहून अधिक बांधकामे झाडांखाली दडलेली असावीत, असे अनुमान काढले.