जागा घेण्याआधी सरकारी मोजणी: अर्ज कोणी करायचा, कागद कोणते आणि 'क' प्रतीत काय पाहायचे

प्लॉट, बंगला किंवा गावाकडचे घर घेताना वकिलाकडून शोध अहवाल बहुतेक जण घेतात. मालकी कोणाची, बोजा आहे का, वारस राहिले आहेत का, हे त्यातून कळते. पण सातबाऱ्यावरचा गट आणि समोर दिसणारे तारेचे कुंपण एकच आहेत का, हे त्यातून कळत नाही. वकील कागद पाहतो, जागा मोजत नाही. ते काम भूमी अभिलेख विभागाचे आहे आणि त्या मोजणीला 'हद्द कायम मोजणी' म्हणतात. माझे मत स्पष्ट आहे: जमिनीसह घर घेत असाल तर ही मोजणी खरेदीखताच्या आधी व्हायला हवी. खरेदीनंतर शेजाऱ्याचे अतिक्रमण निघाले तर ते भांडण पूर्णपणे तुमचे होते. विकणारा पैसे घेऊन मोकळा झालेला असतो.

अर्ज कोण करू शकतो

बहुतेक खरेदीदार इथेच अडतात. मोजणीचा अर्ज अधिकार अभिलेखात ज्याचे नाव आहे त्यालाच करता येतो. म्हणजे सातबाऱ्यावरचा खातेदार, सहखातेदार, मालमत्ता पत्रकावरचा धारक किंवा त्यांचा कुलमुखत्यार (त्यांच्या वतीने काम करण्याचा लेखी अधिकार दिलेली व्यक्ती). तुम्ही विसार (आगाऊ रक्कम) दिलेला असो वा साठेखत (पुढे खरेदी करण्याचा करार) नोंदवलेले असो, फेरफार, म्हणजे मालकी बदलाची नोंद, होऊन तुमचे नाव लागेपर्यंत तुम्ही अर्जदार होत नाही. म्हणून मोजणी विकणाऱ्याकडूनच करून घ्यावी लागते आणि त्याची तजवीज साठेखतातच करावी लागते. तोंडी आश्वासनावर राहू नका.

साठेखतात साधारण असे कलम घाला ('लिहून देणार' म्हणजे विकणारा, 'लिहून घेणार' म्हणजे तुम्ही): "लिहून देणार यांनी सदर मिळकतीची हद्द कायम मोजणी भूमी अभिलेख कार्यालयामार्फत करून मोजणी नकाशाची 'क' प्रत लिहून घेणार यांना द्यावी. त्यानंतरच उर्वरित मोबदला देय होईल. मोजणीत क्षेत्र कमी आढळल्यास ठरलेल्या दराने मोबदला कमी होईल. मोजणीस हरकत आल्यास खरेदीखताची मुदत हरकतीचा निकाल लागेपर्यंत वाढेल." शब्द वकिलाकडून नीट करून घ्या, पण या चारही गोष्टी त्यात हव्यात. शेवटची सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. मग मुदत संपत आली की विकणारा घाई करतो आणि खरेदीदार नाइलाजाने सही करतो.

मोजणीची फी कोणी भरायची, हे दोघांनी ठरवावे. विकणारा कुरकुरत असेल तर मी म्हणेन, फी तुम्ही भरा. जागेच्या किमतीपुढे ती रक्कम किरकोळ आहे. विकणारा परदेशात असेल तर त्याच्या नातेवाइकाच्या नावे कुलमुखत्यारपत्र लागेल. परदेशात केलेले कुलमुखत्यारपत्र भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, हे त्याला आधीच सांगून ठेवा.

अर्ज, कागद आणि फी

ग्रामीण भागात अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक, भूमी अभिलेख कार्यालयाकडे जातो. नगर भूमापन झालेल्या शहरात तो नगर भूमापन अधिकाऱ्याकडे जातो. आता अर्ज ई-मोजणी प्रणालीवर ऑनलाइन भरता येतो. ते जमत नसेल तर कार्यालयात जाऊन भरून घेता येतो.

सोबत चालू सातबारा किंवा मालमत्ता पत्रक लागते. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत महाभूमी पोर्टलवरून मिळतो आणि तो कायदेशीर कामाला चालतो. अर्जदाराचे आधार कार्ड, कुलमुखत्यार असल्यास त्या पत्राची प्रत आणि बिनशेती प्लॉट असल्यास मंजूर रेखांकनाची प्रत जोडावी. जागेचा हाताने काढलेला कच्चा नकाशा द्यावा. त्यात चारही बाजूंचे गट क्रमांक आणि त्या खातेदारांची नावे व पत्ते लिहावेत.

या शेवटच्या कागदाकडे विशेष लक्ष द्या. लगतच्या प्रत्येक खातेदाराला मोजणीची नोटीस जाते. एखाद्याचे नाव चुकले, मयताचेच नाव लिहिले किंवा पुण्यात राहणाऱ्याला गावच्या पत्त्यावर नोटीस पाठवली, तर तो पुढे 'मला कळवलेच नाही' म्हणून मोजणीला आव्हान देतो आणि सगळे काम पुन्हा सुरू होते. शेजारच्या गटांचे सातबारे काढा, वारस नोंदी पाहा आणि चालू पत्ते गावातून विचारून घ्या. विकणाऱ्याच्या आठवणीवर विसंबू नका.

मोजणीचे पूर्वी साधी, तातडी, अति तातडी असे बरेच प्रकार होते. २०२४च्या अखेरीस ते रद्द होऊन नियमित आणि द्रुतगती असे दोनच राहिले. ग्रामीण भागात २ हेक्टरपर्यंत नियमित मोजणीला २,००० रुपये आणि द्रुतगतीला ८,००० रुपये पडतात. महापालिका आणि नगरपालिका हद्दीत १ हेक्टरपर्यंत हेच दर ३,००० आणि १२,००० रुपये आहेत. नियमित मोजणीची मुदत ९० दिवसांची, द्रुतगतीची ३० दिवसांची. घराच्या व्यवहारात विसाराची मुदत चालू असते, म्हणून द्रुतगतीच घ्यावी. चलन भरल्यावर मोजणी रजिस्टर नंबर, तारीख आणि येणाऱ्या भूकरमापकाचे (मोजणी करणाऱ्या सरकारी कर्मचाऱ्याचे) नाव मिळते.

खाजगी सर्व्हेअर चालेल का?

प्राथमिक अंदाजासाठी जरूर चालेल. टोटल स्टेशन (अंतर आणि कोन मोजणारे यंत्र) लावून तो दोन दिवसांत क्षेत्र सांगतो, उतार आणि पातळी दाखवतो. पण तो मोजतो ते जागेवर दिसणारे कुंपण. अभिलेखातली हद्द प्रमाणित करण्याचा अधिकार त्याला नाही, आणि शेजाऱ्याने नाकारले की त्याच्या नकाशाला फारसे वजन उरत नाही. परवानाधारक खाजगी भूमापकांकडून मोजणी करून घेण्याचा निर्णय शासनाने २०२५ मध्ये जाहीर केला, पण त्यातही नकाशाचे प्रमाणीकरण भूमी अभिलेखचा अधिकारीच करणार आहे. महाभूनकाशा या सरकारी ऑनलाइन नकाशावर गटाचा आकार पाहून समाधान मानणारेही पुष्कळ आहेत. तो नकाशा गट ओळखायला चांगला आहे, हद्द ठरवायला नाही.

मोजणीच्या दिवशी

खरेदीदाराने त्या दिवशी हजर राहावेच. अर्जदार म्हणून सही विकणारा करील, पण डोळे तुमचे हवेत. हद्दीवरची झुडपे आधी काढून घ्या. मजूर, चुना आणि खुणांचे दगड अर्जदाराने आणायचे असतात.

भूकरमापक फक्त तुमच्या जागेचे कोपरे मोजत नाही. तो कार्यालयातून मूळ अभिलेख घेऊन येतो: टिपण (जुन्या मोजणीच्या मापांचा नकाशा), गट नकाशा, फाळणी (पोटहिश्श्यांचा नकाशा), आकारफोड पत्रक (पोटहिश्श्यांचे क्षेत्र आणि आकारणी). जुनी टिपणे शंकुसाखळीच्या मापात आहेत. ती साखळी ३३ फुटांची, १६ आण्यांची. ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, म्हणूनच गुंठा १,०८९ चौरस फुटांचा भरतो. ही जुनी मापे जमिनीवर बसवायला आजूबाजूचे पक्के आधार लागतात: जुना हद्दीचा दगड, तीन हद्दी मिळतात ती जागा, विहीर, शिवेचा बांध. कधीकधी त्यासाठी तो चार गट ओलांडून जातो. कोणी म्हणेल 'साहेब, तिकडे कशाला, जागा तर इथे आहे', तर त्याला थांबवा. रोव्हर (उपग्रहाच्या मदतीने जागा मोजणारे यंत्र) आल्यापासून अक्षांश-रेखांश अचूक मिळतात, पण जुना अभिलेख जमिनीवर नेमका कुठे बसतो हे अजूनही या आधारांवरच ठरते.

जागेतले घर, विहीर, बोअर, गटार, विजेचे खांब आणि येण्याजाण्याचा रस्ता नकाशावर घ्यायला सांगा. रस्त्याचा आग्रह धरा. घरापर्यंत गाडी जाते म्हणजे रस्ता आहे असे होत नाही. तो दुसऱ्याच्या गटातून नुसत्या सवयीने वापरला जात असू शकतो.

शेवटी हजर असलेल्यांचे जबाब आणि सह्या होतात. लगतचा खातेदार हरकत घेणार असेल तर ती लेखी येऊ द्या. त्याच्याशी बांधावर वाद घालू नका. त्याला निमताणा मोजणी, म्हणजे झालेल्या मोजणीची वरिष्ठाकडून फेरतपासणी, मागता येते, ती उपअधीक्षक करतात. त्यावरही समाधान नसेल तर जिल्हा अधीक्षकांकडे सुपर निमताणा असतो. हे होईपर्यंत खरेदीखत करू नका.

'क' प्रत वाचताना

'क' प्रत म्हणजे अर्जदाराला मिळणारा मोजणी नकाशा. त्यावर अभिलेखाप्रमाणे हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाट (जागेवरचा चालू ताबा) दोन्ही दाखवलेली असतात. या दोन रेषा जिथे वेगळ्या होतात तिथे प्रश्न आहे. वहिवाट आत असेल तर शेजारी तुमच्या जागेत आहे. बाहेर असेल तर विकणारा दुसऱ्याची जागा तुम्हाला दाखवत होता, आणि कुंपणाजवळची खोली किंवा संडास उद्या पाडावा लागू शकतो.

मग क्षेत्र पाहा. सातबारा, आकारबंद (भूमी अभिलेखातली गटवार क्षेत्र आणि आकारणीची नोंद) आणि मोजणी नकाशा या तिन्ही ठिकाणचे क्षेत्र जुळायला हवे. एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरचे गट झाले तेव्हाच्या चुका अजून पुष्कळ गावांत तशाच आहेत. सातबाऱ्यावर १० आर (एक आर म्हणजे १०० चौरस मीटर), आकारबंदात ९ आर आणि जागेवर त्याहून कमी, असे असेल तर दुरुस्ती विकणाऱ्याने आधी करून घ्यावी. तुम्ही किंमत द्याल ती जागेवर खरोखर असलेल्या क्षेत्राची.

मोजणी हद्द दाखवते. अतिक्रमण काढून देणे भूकरमापकाच्या अधिकारात नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालयात जावे लागते. 'मोजणी झाली की शेजारी आपोआप हटेल' असे विकणारा सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. ताबा मोकळा करून देणे ही त्याची जबाबदारी आहे, आणि तीही खरेदीखताच्या आधीची.

जिथे ही मोजणी उपयोगी पडत नाही

सामाईक सातबाऱ्यातला गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा घेत असाल तर हद्द कायम मोजणीतून तुमचा तुकडा वेगळा होत नाही. मोजला जातो तो पूर्ण गट किंवा हिस्सा, कारण अभिलेखात तेवढीच हद्द आहे. पोटहिस्सा पाडायला सर्व सहधारकांची संमती लागते. दलालाने चुन्याने आखलेल्या प्लॉटला अभिलेखात अस्तित्वच नसते. असा व्यवहार मी कोणालाही सुचवणार नाही. बिनशेती लेआउटमध्ये कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या बदलाची अभिलेखातली नोंद) होऊन प्रत्येक प्लॉटचा स्वतंत्र सातबारा निघाला आहे का, हे आधी पाहा.

गावठाणातल्या घराला पुष्कळदा ग्रामपंचायतीचा नमुना ८ एवढाच कागद असतो. तो कर आकारणीचा उतारा आहे. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांचे भूमापन होऊन मिळकत पत्रिका मिळू लागल्या आहेत. घर घेत आहात त्या गावात हे काम झाले आहे का, ते विचारा. झाले असेल तर पत्रिका आणि नकाशा दोन्ही मागा.

फ्लॅटसाठी ही वाट नाही. तिथे चटई क्षेत्र (कार्पेट एरिया) करारातल्या आकड्याशी ताडून पाहायचे असते. महारेराच्या (राज्याच्या गृहनिर्माण नियामक प्राधिकरणाच्या) नमुना करारात ३ टक्क्यांपर्यंतचा फरक धरलेला आहे, पण क्षेत्र कमी भरले तर बिल्डरने जादा रक्कम परत करायची असते. खोलीत टेप लावून भिंतीपासून भिंतीपर्यंत स्वतः मोजा.

खरेदीखतात 'क' प्रतीचा मोजणी रजिस्टर नंबर आणि तारीख लिहा, चतुःसीमा त्या नकाशाप्रमाणे घ्या आणि नकाशाची प्रत दस्ताला जोडा. पुढे बांधकाम परवानगीच्या अर्जासोबतही मोजणी नकाशा मागतात, तेव्हा अधिकाऱ्याच्या सहीची मूळ प्रत खरेदीच्या दिवशीच विकणाऱ्याकडून ताब्यात घ्या.